लढाई न पाहिलेला किल्ला

मॉरिशसला गेलात तर बीचवरून थोडा वेळ काढा आणि पोर्ट लुईसच्या टेकडीवरचा फोर्ट ॲडलेड बघा. भिंती काळ्या बसाल्टच्या. बदनापूरच्या माणसाला दगड घरचाच वाटेल.

इंग्रजांनी हे बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतलं, पण उसाचे मळे फ्रेंच मालकांकडेच राहिले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. मळेवाले उठाव करतील, या धास्तीनं १८३४ ते १८४० मध्ये किल्ला उभा राहिला. उठाव झालाच नाही. मालकांना सुमारे २० लाख पौंड भरपाई मिळाली. सुटलेल्या गुलामांना? छदामही नाही.

किल्ल्यावरून बंदर दिसतं. आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या तिथंच. गुलामांच्या जागी भारतातून साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये आले. मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरी, साताऱ्याकडची मराठी माणसंही त्यांत होती. करार पाच वर्षांचा. एक दिवस कामावर नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापली जायची.

जालना जिल्ह्यातून कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या जोडप्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उचल घ्यायची, आणि खाडा पडला की दंड मुकादमाच्या वहीत. फरक आहेच; मध्ये समुद्र नाही, हंगाम संपला की घर आहे.

त्या घाटाला २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. आपल्याकडे पट्टा पडला की फडाजवळच्या कोप्या मोडतात. पुढच्या वर्षी पुन्हा नव्या.