खरा रंग म्हणजे कोणाचा?

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी टार्टन नक्षीच्या एका फितीचे रंगीत चित्र पडद्यावर दाखवले. थॉमस सटन यांनी ती फीत लाल, हिरव्या व निळ्या द्रावांच्या गाळण्यांतून वेगवेगळी टिपली होती. त्या प्रतिमा त्याच रंगांच्या प्रकाशात एकावर एक पाडल्या, आणि रंग प्रकटले. रंगीत छायाचित्रणाचा इतिहास सहसा येथूनच सांगितला जातो. मात्र तेव्हाच्या काचेच्या प्लेटांवर लाल प्रकाशाचा जवळजवळ परिणामच होत नसे, ही अडचण सांगायची राहून जाते. मग तो लाल आला कोठून? शंभर वर्षांनी कोडॅकमधील राल्फ इव्हान्स यांनी उलगडा केला: फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि लाल द्राव ते आरपार जाऊ देत होता. सिद्धान्त खरा, चित्रही पटण्याजोगे. साक्ष मात्र भलत्याच साक्षीदाराची!

छायाचित्रातल्या रंगाला 'अचूक' म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही.

त्यात पहिली अट प्रकाशाची. १८८७ मध्ये मीथे आणि गेडिके यांनी जर्मनीत मॅग्नेशियमची पूड पेटवून झगझगाट करण्याची युक्ती काढली. पण मूठभर पूड दोनदा सारखी कशी जळणार? १९३० च्या दशकात एमआयटीतील हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या फ्लॅशला व्यवहार्य रूप दिले, आणि पुढे झेनॉन वायूच्या नळीने स्टुडिओत दुपारच्या उन्हाशी मिळताजुळता, सुमारे ५५०० केल्विनचा प्रकाश आणून ठेवला. तोही वाटतो तितका एकवचनी नाही. फ्लॅशचा स्फोट आरंभी निळसर असतो आणि विझता विझता तांबूस होत जातो. जुन्या पद्धतीत शक्ती कमी करायची तर कपॅसिटरचा दाब उतरवतात, तेव्हा उजेड तांबूस होतो. नव्या पद्धतीत स्फोटाचे शेपूटच छाटतात, तेव्हा तो निळसर होतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला हे जाणवत नाही, कारण मेंदू सांभाळून घेतो. एकाच कापडाची वीस छायाचित्रे शेजारी मांडली, की लबाडी उघडी पडते. चांगल्या स्टुडिओ-फ्लॅशची किंमत मोजली जाते ती प्रखरतेइतकीच या सातत्यासाठी.

पण सातत्य म्हणजे सत्य नव्हे. तेच तेच चुकीचेही सातत्याने सांगता येते. सत्यासाठी नमुना लागतो. आणि नमुना कोणी तरी निवडलेला असतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक छपाईच्या प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र पाठवीत असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या चित्रांना 'शर्ली कार्ड' हे नाव पडले. शर्लीची कांती जमली म्हणजे यंत्र जमले. तिच्या शेजारी बसलेल्या काळ्या माणसाचा चेहरा मात्र सावलीत बुडून जाई, आणि दोष जाई त्याच्या कातडीला. माध्यम-अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोडॅकमधील माजी अधिकाऱ्यांची साक्ष आहे: गडद छटांकडे कंपनीचे लक्ष वळले ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. माणसांआधी कपाटांना न्याय मिळाला, असेच आम्हांला म्हणावेसे वाटते. वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रिया कार्डावर आल्या त्या १९९० च्या दशकात.

१९७६ मध्ये मॅक्कॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन यांनी मॅकबेथ कलरचेकर हा चोवीस चौकोनांचा तक्ता मांडला. त्याचा पहिलाच चौकोन गडद त्वचेचा आहे. उजळ त्वचेचा दुसरा. त्यापुढे आकाश, पाने, निळे फूल. आजचा डिजिटल छायाचित्रकार त्याच फ्लॅशखाली हा तक्ता एकदा टिपतो. चौकोनांची मोजलेली मूल्ये सॉफ्टवेअरला ठाऊक असतात, आणि कॅमेऱ्याच्या नोंदीतला फरक हिशेबाने दुरुस्त होतो. येथे निदान नमुना चेहऱ्यावर अवलंबून नाही.

तरीही मॅक्सवेलचे भूत गेलेले नाही. निळी गणेशवेल फिल्मवर पुष्कळदा गुलाबी उमटत असे, कारण तिच्या पाकळ्या आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूरचा लाल प्रकाश भरपूर परावर्तित करतात आणि फिल्मला तो दिसतो. अशा वेळी तक्त्यावरचे निळे फूल अगदी बरोबर उमटलेले असते, आणि शेजारचे खरे फूल चुकलेले.