दंडावरची लस

जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यास बालकांच्या लसीकरणाचे वेळापत्रक मुखोद्गत करावे लागते. जन्मतःच क्षयाविरुद्ध बी. सी. जी.; सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात इत्यादींविरुद्धची लस; नऊ महिने पूर्ण होताच गोवर आणि रुबेला. हे आकडे रुक्ष वाटतात खरे. परंतु लशीला दिवस सांभाळावा लागतो, हा धडा या देशाने दोनशे वर्षांपूर्वी मुंबईस घेतला, आणि तो एका तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर घेतला.

इंग्लंडातील एडवर्ड जेन्नर याने १७९६ मध्ये असे दाखविले की, गाईच्या सौम्य देवी माणसास टोचल्या असता तो खऱ्या देवीपासून वाचतो. आपल्या भाषेत फोडातून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला लस म्हणतात. जेन्नरचा उपायही अक्षरशः तोच द्रव होता. मात्र तो टिकत नसे. दोऱ्यात भिजवून अथवा काचेच्या तुकड्यांत दाबून तो जहाजाने पाठवावा, तर महिनोन्‌महिन्यांच्या उष्ण प्रवासात त्याचे सामर्थ्य नष्ट होई.

अखेर व्हिएन्नाच्या डॉक्टर द कारो याने पाठविलेली लस खुष्कीच्या मार्गाने बगदादला पोहोचली. तेथून ती बसऱ्यास आणि बसऱ्याहून समुद्रमार्गे मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी डॉक्टर हेलेनस स्कॉट याने ती काही मुलांना टोचली. त्यांपैकी ॲना डस्टहॉल या एकाच मुलीच्या दंडावर अपेक्षित फोड उठला. आठवड्याने तिच्या फोडातील लस घेऊन आणखी पाच मुलांना टोचण्यात आली. मुंबईहून मग ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी देशभर पसरली.

ही वाटचाल दंडावरून दंडावर होत असे. फोड साधारणतः आठव्या दिवशी पक्व होतो. त्याआधी लस पुरेशी नसते, पुढे ती निःसत्त्व होऊ लागते. तो दिवस चुकला, तर साखळी तुटली. म्हणून टोचणाऱ्याला पुढचे मूल आधीच शोधून ठेवावे लागे. मद्रासहून कलकत्त्यास लस न्यायची, तर जहाजावर मुले घेऊन वाटेत एकामागून एकास टोचावे लागले.

या मुलांची संमती कोणी विचारली, असे दिसत नाही. बहुधा ती गरिबांची, नोकरचाकरांची मुले असत. शिवाय एकाच्या शरीरातील उपदंशासारखा रोग लशीबरोबर दुसऱ्याच्या शरीरात शिरण्याचे भय होतेच. पालक मुले लपवीत, त्यामागे केवळ देवीमातेच्या कोपाची धास्ती नव्हती. त्यात व्यवहारी शहाणपणही होते. पुढे वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली, तेव्हा हे ओझे मुलांच्या दंडावरून उतरले.

नंतर लशींचे प्रकार वाढले. १८९७ मध्ये हाफकिन याने मुंबईतच, उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून प्लेगची लस सिद्ध केली. धनुर्वाताची लस निर्विष केलेल्या जंतुविषाची असते. परंतु बी. सी. जी. आणि गोवर यांच्या लशी आजही जिवंत आहेत, आणि जिवंत वस्तू वाटेत जगवावी लागते. पूर्वी ते काम मुलांचे दंड करीत. आज ते शीतपेटी करते. कारखान्यापासून खेड्यातील केंद्रापर्यंत २ ते ८ अंश सेल्सियस तपमान राखावे लागते, आणि विद्रावकात मिसळलेली गोवराची लस चार तासांनंतर टाकून द्यावी लागते.

हिंदुस्थानातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला; १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्या यशाचे श्रेय जेन्नरला मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु आठव्या दिवशी ज्यांनी दंड पुढे केला, किंवा ज्यांचा तो पुढे करविला गेला, त्या मुलांपैकी बहुतेकांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. जबलपूरचा विद्यार्थी शीतपेटीतील तपमापक पाहतो आणि बाळाच्या पत्रकावर पुढची तारीख लिहितो, तेव्हा तो त्यांचेच काम पुढे चालवीत असतो.