महामारीच्या काळातील नाताळ : पिंपळनेर परिसरातील भाविकांसाठी माहिती

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरा नदीकाठचे बाजाराचे गाव आहे. धुळे जिल्हा नाशिक धर्मप्रांतात येतो. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पाड्यांवरून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातेत जातात. ज्यांना शक्य होते ते सणाला घरी येतात आणि चार दिवसांनी परततात. एरवी ही आनंदाची गोष्ट. परंतु २०२० साली तीच काळजीची बाब ठरली. अत्यवस्थ रुग्णाला पिंपळनेरहून धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात न्यायचे म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा प्रवास. श्वास कोंडलेल्या माणसासाठी हे अंतर फार मोठे असते.

त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थान सण भाविकांनी घरीच साजरा केला. पवित्र सप्ताहात पाय धुण्याचा विधी वगळावा, असे व्हॅटिकनने मार्चमध्येच कळविले होते. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला, पुन्हा उघडली. त्यानंतर सव्वा महिन्यातच नाताळ आला.

त्या नाताळासाठी राज्य शासनाने सूचना प्रसिद्ध केल्या. चर्चमधील प्रार्थनेस जास्तीत जास्त ५० जणांनी उपस्थित राहावे, स्तुतिगीते गाण्यासाठी १० पेक्षा अधिक गायक नसावेत व त्यांनी स्वतंत्र माईक वापरावेत, ६० वर्षांवरील ज्येष्ठांनी व १० वर्षांखालील मुलांनी घराबाहेर पडणे टाळावे, आवारात दुकाने लावू नयेत, फटाके उडवू नयेत, असे त्यांत म्हटले होते. वर्षअखेरची उपकारस्तुतीची मिस्सा मध्यरात्री न करता सायंकाळी ७ वाजता किंवा त्यापूर्वी करावी, अशीही सूचना होती. रात्रीची संचारबंदी (२२ डिसेंबर ते ५ जानेवारी) केवळ महानगरपालिका क्षेत्रांत होती. म्हणजे ती धुळे शहराला लागू होती, पिंपळनेरला नव्हती. नाताळाच्या सूचना मात्र साऱ्या राज्यासाठी होत्या. संचारबंदी नाही म्हणजे नियमच नाहीत, असा अर्थ काढणे चुकीचे होते.

गायकांच्या संख्येची अट अनेकांना विचित्र वाटली. गाण्याने रोग कसा पसरेल? त्याचे उत्तर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मिळाले होते. तेथील स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाने सुमारे अडीच तास सराव केला. उपस्थित ६१ पैकी ५३ जण आजारी पडले (त्यांपैकी ३३ जणांचे निदान चाचणीने झाले) व दोघांचा मृत्यू झाला. मोठ्याने गाताना तोंडावाटे सूक्ष्म तुषार अधिक प्रमाणात बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते हवेत तरंगत राहतात. हिवाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या घरातही हेच घडते. त्यामुळे प्रस्तुत लेखकाच्या मते खरा धोका मिस्सेपेक्षा मिस्सेनंतरच्या घरगुती जेवणात अधिक होता. चर्चमध्ये अंतर राखले जात होते, तोंडावर मुखपट्टी असे, कोणी तरी लक्ष ठेवणारा असे. घरी पाहुण्याला मुखपट्टी काढू नका, असे कोण सांगणार?

आपल्याच सणावर बंधने आली, अशी तक्रार त्या वेळी ऐकू येत असे. वस्तुस्थिती वेगळी होती. २०२० च्या आषाढी एकादशीस (१ जुलै) संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. मुंबईत लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदान व प्लाझ्मादानाचे शिबिर घेतले.

मिस्सेला जाता आले नाही म्हणून ज्येष्ठांच्या मनाला लागलेली रुखरुख अधिक खरी होती. याविषयी चर्चची शिकवण स्पष्ट आहे. कायदेसंहितेच्या कलम १२४८ नुसार गंभीर कारणामुळे मिस्सेत सहभागी होणे अशक्य झाल्यास भाविकांनी घरी, कुटुंबासह प्रार्थनेत वेळ घालवावा, अशी शिफारस आहे. अशा वेळी आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्याची परंपराही जुनीच आहे. आजी घरी राहिली म्हणजे तिने पाप केले, असे मुळीच नव्हे.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याकडे रुग्ण झपाट्याने वाढले आणि दुसरी लाट राज्यभर पसरली. ४ एप्रिल २०२१ रोजी, नेमक्या पुनरुत्थान रविवारी, राज्य मंत्रिमंडळाने नव्या निर्बंधांचा निर्णय घेतला व प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. त्या वर्षीच्या नाताळातही चर्चमध्ये निम्म्या आसनांचीच मुभा होती, शिवाय २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत पाचपेक्षा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई होती. राज्यातील निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. १७ एप्रिलचा पुनरुत्थान सण हा त्यानंतरचा पहिला मोठा सण होता आणि मध्यरात्रीच्या नाताळ मिस्सेसाठी डिसेंबर २०२२ पर्यंत थांबावे लागले.