बोटीवरची बक्षिसी

‘मुलगा बोटीवर असतो,’ हे वाक्य गोव्यात, वसईला, मुंबईत माझगावाकडे अजूनही ऐकू येतं. ते म्हणताना आईच्या आवाजात थोडा अभिमान असतो. बोटीवर नेमकं काय काम, हे सहसा कुणी विचारत नाही. आणि पगाराची चौकशी केली, तर सरळ आकडा मिळत नाही. ‘तसा पगार बेताचाच, पण टिपा मिळतात,’ असं उत्तर येतं. या ‘पण’चा इतिहास मला आज सांगायचा आहे.

बक्षिसी आपल्याला नवी नाही. पोस्टमनला, झाडूवाल्याला दिवाळीचं पोस्त आपण देतोच. पण पोस्त ही पगारावरची वरकड. पोस्त बुडालं तर फराळात एखादा पदार्थ कमी होईल, चूल काही विझत नाही. प्रवासी बोटीवर मात्र शंभराहून अधिक वर्षं याच्या उलट चालत आलं आहे. तिथे बक्षिसी हेच पोट भरण्याचं साधन आणि पगार ही वरकड, असा प्रकार.

‘टायटॅनिक’चंच उदाहरण घेऊ. १९१२ साली त्या बोटीच्या कप्तानाला महिना सुमारे १०५ पौंड मिळत आणि स्ट्युअर्डला पावणेचार पौंड. प्रवाशांच्या खोल्या झाडणारा, त्यांच्या पलंगाशी चहा नेणारा, जेवण वाढणारा तो स्ट्युअर्ड. बोटीवर सुमारे १,३०० प्रवासी होते आणि ८९० च्या आसपास कामगार. त्यातले शेकडो कामगार इंजिनात कोळसा घालण्याच्या कामावर होते, पण सर्वांत मोठं खातं होतं ते खानपान आणि सेवेचं. पावणेचार पौंडांत घर चालत नसे, आणि कंपनीला ते माहीत होतं. पहिल्या वर्गाचे प्रवासी उतरताना हातात काय ठेवतात, यावर सगळी मदार. म्हणून पहिल्या वर्गात नेमणूक होण्यासाठी धडपड असे. तिसऱ्या वर्गात काम तेवढंच, किंबहुना अधिक. पण अमेरिकेला पोट भरायला निघालेला स्थलांतरित कुणाला काय बक्षिसी देणार?

१५ एप्रिलच्या पहाटे बोट बुडाली आणि त्याच क्षणापासून कामगारांचा पगार थांबला. बोटच नाही तर नोकरी कसली, असा तेव्हाच्या कायद्याचा हिशेब. जे थोडेफार वाचले, त्यांना बुडण्याच्या वेळेपर्यंतचेच पैसे देय होते. बक्षिसीचा तर प्रश्नच नव्हता. देणारे गेले होते. पुढे १९२० साली जिनोआला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत करार झाला, आणि बोट बुडाल्यानंतरही दोन महिन्यांपर्यंत नाविकाला भरपाई मिळण्याची तरतूद झाली. पगाराला कायद्याचं संरक्षण मिळालं, टिपांना नाही. ही तफावत लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

आपला संबंध येतो तो पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींमुळे. मुंबईहून सुटणाऱ्या या बोटींवर कामाची वाटणी जवळजवळ जातवार असे. डेक आणि इंजिनावर वेगवेगळ्या भागांतले मुसलमान खलाशी, त्यात आपले रत्नागिरीकडचेही पुष्कळ; आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणघरात आणि प्रवाशांच्या खोल्यांत, गोव्याचे ख्रिस्ती. भारतीयांना वेगळ्या करारावर घेत आणि पगार गोऱ्या कामगाराच्या कितीतरी कमी देत. गोव्याच्या या तारवट्यांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात आपापल्या गावाच्या ‘कुडी’ उभारल्या. कूड म्हणजे गावकऱ्यांचा क्लब. भिंतीशी पत्र्याच्या ट्रंका, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना, आणि पुढची बोट मिळेपर्यंत पथारी. अशा शेकडो कुडी होत्या, काही आजही आहेत. मुंबईच्या इतिहासात गिरणगावातल्या खानावळींवर पुष्कळ लिहिलं गेलं, कुडींच्या वाट्याला मराठीत फार थोडं आलं. असो.

हा जुना व्यवसाय दोन तडाख्यांनी मोडला. १९२४ साली अमेरिकेने स्थलांतरितांवर कडक मर्यादा घातली आणि तिसऱ्या वर्गाचं उत्पन्न आटलं. कंपन्या मग सहलीच्या प्रवाशाकडे वळल्या. दुसरा तडाखा जेट विमानाचा. १९५८ साली अटलांटिक ओलांडणाऱ्यांत विमानाने जाणारे बोटीने जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाले. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी बोट जवळजवळ संपली आणि फिरवून पुन्हा त्याच बंदरात आणून सोडणारी बोट जन्माला आली. तिचं माहेर मायामी. १९६६ ते १९७२ या सहा-सात वर्षांत नॉर्वेजियन कॅरिबियन, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या तिन्ही कंपन्या तिथे उभ्या राहिल्या. कार्निव्हलची पहिली बोट ‘मार्डी ग्रा’ पहिल्याच फेरीत बंदराबाहेर वाळूत रुतली, पण कंपनी काही रुतली नाही.

बोटी सुटत अमेरिकेतून, प्रवासी बहुतेक अमेरिकन, पण झेंडा पनामा, लायबेरिया नाहीतर बहामाचा. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं, की परदेशी झेंड्याच्या बोटीवरच्या परदेशी कामगारांना अमेरिकी कामगार संघटना कायदा लागू नाही. तिथला किमान वेतनाचा कायदाही अशा बोटींना लागू नाही. झालं! फिलिपाईन्स, इंडोनेशिया, कॅरिबियन बेटं, भारत, जिथे रोजगाराची टंचाई तिथून माणसं आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही कंपन्यांचा वेटर महिना ५० डॉलरच्या आसपास मूळ पगारावर काम करत होता. बाकी सगळं प्रवाशाच्या मर्जीवर.

ही मर्जी कशी चाले, ते पाहण्यासारखं आहे. प्रवाशांना आठवडाभर एकच टेबल आणि एकच वेटर मिळे. शेवटच्या रात्री खोलीत कोरी पाकिटं ठेवली जात: एक वेटरसाठी, एक त्याच्या मदतनिसासाठी, एक खोली आवरणाऱ्या स्ट्युअर्डसाठी. कुणाला किती द्यावं, याच्या सूचनाही कंपनीच देई. समजा, स्ट्युअर्डकडे ३० प्रवासी आहेत आणि प्रत्येकाने दिवसाला ३ डॉलर दिले. आठवड्याचे ६३० डॉलर झाले. पावसाळी वादळांच्या हंगामात बोट अर्धवट भरली आणि त्याच्याकडे २० च प्रवासी आले, तर ४२०. त्याचं काम मात्र तितकं कमी होत नाही; दिवसाला दहा-बारा तास उभं राहायचं ते राहायचंच. रिकाम्या खोल्यांचा तोटा कंपनीने सोसायचा की गावी मनिऑर्डर पाठवणाऱ्या माणसाने, या प्रश्नाचं उत्तर व्यवस्थेनेच देऊन ठेवलं होतं. शिवाय कोणत्या वेटरला कोणती टेबलं द्यायची, हे ठरवणारा मुख्य वेटर. दानशूर प्रवाशांची टेबलं त्याच्या लाडक्याला. त्यातून खालच्यांनी वरच्यांना खूष ठेवण्याची साखळी तयार झाली. चिरीमिरी म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

बोट भरली तर मग आनंदीआनंद? तसंही नाही. १९७० च्या ‘साँग ऑफ नॉर्वे’वर ७२४ प्रवासी मावत. १९९९ च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर दोघांना एक खोली या हिशेबाने ३,१०० च्या वर. २००९ च्या ‘ओॲसिस’वर ५,४००, आणि २०२४ साली निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर ५,६१०, जादा पलंग भरले की ७,६०० पर्यंत. तिचे कामगार सुमारे २,३५०. एकाच खोलीत आईवडील आणि दोन मुलं उतरली की चादरी, टॉवेल, कचरा सगळं दुप्पट. आणि खरी कसोटी प्रवासी बदलण्याच्या दिवशी. सकाळी जुने उतरणार, दुपारी नवे चढणार, मधल्या काही तासांत सगळ्या खोल्या कोऱ्या करकरीत. तीन-चार दिवसांच्या छोट्या सहली निघाल्या तेव्हा हा दिवस आठवड्यातून दोनदा येऊ लागला.

या दिवसावरून एक खटला झाला. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या वरिष्ठ स्ट्युअर्डांचं म्हणणं असं, की नेमून दिलेलं काम एकट्याने पुरं होणं अशक्य होतं, म्हणून आम्ही मदतनीस ठेवले आणि त्यांना आमच्या खिशातून पैसे दिले. म्हणजे प्रवाशाने दिलेल्या टिपेतून कंपनीचा मजूर पोसला गेला! न्यायालयाने त्यांना कापलं गेलेलं वेतन मान्य केलं. कंपनीवर जबर दंड लावावा ही मागणी मात्र मानली नाही, आणि २०१३ साली अपिलातही तेच कायम झालं. माझ्या मते या सबंध इतिहासातला हा सर्वांत बोलका कागद आहे.

पाकिटांची प्रथा मोडली ती २००० सालाच्या सुमारास. त्याच कंपनीने ‘फ्रीस्टाइल’ नावाने वाटेल तिथे, वाटेल तेव्हा जेवा अशी सोय काढली. रोज वेगळा वेटर, मग पाकीट कुणाला द्यायचं? त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रवाशाच्या बिलात दिवसाला ठरावीक सेवा आकार लावला आणि तो सर्वांत वाटला. हॉलंड अमेरिका या कंपनीची बक्षिसी आवश्यक नाही, अशी ख्याती होती. २००४ मध्ये तिनेही आकार सुरू केला. तेव्हा तो दिवसाला १० डॉलरच्या घरात होता, आता मोठ्या अमेरिकी बोटींवर साधारण १६ ते २० डॉलर आहे. कामगाराची कमाई थोडी स्थिर झाली, हे मान्य करायला हवं. पण अनेक बोटींवर हा आकार ऐच्छिक आहे. सहलीच्या शेवटी काउंटरवर जाऊन तो काढून टाकणारे प्रवासी असतात. एखादा म्हणतो, मी हातात रोख देईन; पण काही कंपन्यांच्या नियमाने तीही रोख त्या सामाईक पेटीतच जमा करावी लागते.

ब्रिटनमध्ये याची चर्चा २०१२ मध्ये पेटली. पी अँड ओ क्रूझेसच्या काही कामगारांचा मूळ पगार ताशी सुमारे ७५ पेन्स पडतो, अशा बातम्या आल्या. आजोबांनी ज्या कंपनीचा सदरा घातला, त्याच नावाच्या कंपनीत गोव्याचा नातूही होता, हे इथे सांगायला हवं. २०१९ मध्ये त्या कंपनीने वेगळी बक्षिसी बंद करून ती तिकिटातच धरली. दरम्यान २०१३ मध्ये नाविकांचा नवा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला होता आणि २०१५ मध्ये भारतानेही तो मान्य केला. दिवसाला किमान १० तास विश्रांती, आठवड्याला ७७ तास, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून दलाली घ्यायची नाही. टिपांचा आकडा मात्र त्या करारानेही ठरवला नाही.

मग मार्च २०२० आला आणि प्रवाशांची संख्या बघता बघता जवळजवळ शून्यावर आली. शून्याला तीनने गुणा नाहीतर वीसने. हजारो कामगार रिकाम्या बोटींवर अडकले. पुष्कळांची कंत्राटं संपली, म्हणजे कमाईही संपली, पण उतरू द्यायला कोणतंच बंदर तयार नव्हतं. ‘मरेला डिस्कव्हरी’ ही बोट एप्रिलमध्ये मुंबईबाहेर समुद्रात उभी होती. किनाऱ्यावरचे दिवे डेकवरून दिसत होते, टाळेबंदीमुळे उतरायची परवानगी नव्हती. गोव्यात त्यांच्या घरच्यांनी सरकारदरबारी धाव घेतली. अखेर केंद्राने नियम शिथिल केले आणि २३ एप्रिलला १४६ भारतीय कामगार मुंबई बंदरात उतरले. त्यात गोव्याचे पुष्कळ होते. सहली पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्यासारखे अनेक जण परत बोटीवर गेले.