विक्रीच्या फोटोआधी घर आवरताना

भोपाळातल्या काही वस्त्यांची नावंच बघा: ४५ बंगले, ७४ बंगले, ११०० क्वार्टर्स. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला आली, आणि घरांचा आकडाच वस्तीचं नाव होऊन बसला. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. तिथल्या सरकारी कचेऱ्यांतली अनेक मराठी कुटुंबं त्या बदलात इकडे आली. माझे आजोबा त्यांतलेच. निवृत्तीला क्वार्टर सोडावं लागे, म्हणून पुढे अरेरा कॉलनीत त्यांनी स्वतःचं घर बांधलं.

ते घर यंदा आम्ही विक्रीला काढलं. पूर्वी हे काम वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीवर भागायचं: खोल्या किती, दार पूर्वेला का, पाण्याची सोय काय. आता मोबाईलवर फोटो बघितल्याशिवाय पार्टी फिरकत नाही. प्रॉपर्टी डीलरनं आवरायची यादीच दिली. दोरीवरचे कपडे काढा, बाथरूममधली बादली-मग उचला, पडदे सारा, सगळे दिवे लावा. भिंतीवरची कॅलेंडरं, हार घातलेले फोटो, दारावरची नावाची पाटी, सगळं उतरवा. “पार्टी को अपना घर दिखना चाहिए, आपका नहीं,” तो म्हणाला. धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे. रिकामी खोली कोपऱ्यातून टिपली की मोठी दिसते.

पण यादी वाचताना माझ्या लक्षात आलं, की हीच आपल्या मंडळाची साधनांची यादी आहे! माळ्यावरची पत्र्याची ट्रंक घ्या: पांढऱ्या रंगात लिहिलेलं ‘नागपूर’ खोडून खाली ‘भोपाळ’. स्वयंपाकघरातला देवाचा कोनाडा, त्यावर दिव्याची काजळी. कालनिर्णय १९७३ पासून निघतं; आमच्या खिळ्याला जुन्या वर्षांची कालनिर्णयं एकाखाली एक तशीच होती, चौकटींत दुधाचे खाडे आणि सिलेंडरच्या तारखा. मागच्या अंगणात पाटा-वरवंटा. तुळशीवृंदावन तेवढं राहू द्या म्हणाला; पार्टीला आवडतं.

हे एका घरापुरतं नाही. स्मार्ट सिटीसाठी २०१६ मध्ये टी.टी. नगर निवडलं गेलं आणि पुढे तिथली जुनी क्वार्टर्स पडली. सरकारी कागदात क्वार्टरचा टाइप सापडेल, वाटपाची नोंद सापडेल. पण दोन खोल्यांत देव कुठे बसवले, पाहुणा कुठे झोपे, मुलं कुठे अभ्यास करत, हे कुठल्याही फाइलीत नाही. ते घरातच असतं, आणि फोटोआधी आपणच ते उचलून ठेवतो.

म्हणून मी आवरण्याच्या आदल्या दिवशी वेगळे फोटो काढले. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, कपाटांची दारं उघडी ठेवून, वस्तूशेजारी फूटपट्टी धरून. मग आत्याला बसवलं आणि कोणती वस्तू कुणाची, कधी आली, कुठून आली, ते तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलं. डीलरनं बारा फोटो काढले, माझे एकसष्ट झाले. त्याच्या बारांत आमचं काहीच नाही, आणि तसंच असायला हवं.

अरेरा कॉलनीत, शिवाजी नगरात, भेलच्या बाजूला कुणाचं घर विक्रीला निघत असेल, तर डीलरला वेळ देण्याआधी एक दिवस मंडळासाठी ठेवा. झाडू मारू नका. आहे तसंच राहू द्या, आम्ही येतो.