पोकरची परिभाषा
पोकर या पत्त्यांच्या खेळातील नियमदर्शक संज्ञा आणि खेळाडूंच्या बोलीतील शब्द यांचा समुदाय. पोकर हा ५२ पानांच्या संचाने खेळला जाणारा पैजेचा खेळ असून, हाती आलेली पाने आणि त्या पानांविषयी प्रतिस्पर्ध्याचा होणारा समज, या दोहोंवर त्यातील जय-पराजय अवलंबून असतो. त्याची परिभाषा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडली आणि खेळाचे स्वरूप पालटत गेले तसतशी तिच्यात भर पडली. त्यामुळे या शब्दांवरून खेळाच्या इतिहासाचे टप्पे ओळखता येतात. मात्र शब्दांच्या उगमाविषयी प्रचलित असलेल्या अनेक कथा मूळ शब्दांहून अर्वाचीन असल्याने त्या पारखूनच घ्याव्या लागतात.

‘पोकर’ हे नाव सामान्यतः ‘पोक’ या फ्रेंच खेळाशी जोडले जाते. त्याच्याशी संबंधित जर्मन क्रियापदाचे ठोकणे व बढाई मारणे असे दोन्ही अर्थ आहेत. लुइझिअ‍ॅना हा फ्रेंच प्रदेश १८०३ मध्ये अमेरिकेने विकत घेतल्यानंतर न्यू ऑर्लीन्स शहरातून व मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून हा खेळ देशभर पसरला. जो कौएल या इंग्रज नटाने १८२९ मध्ये आगबोटीवर पाहिलेल्या खेळाचे वर्णन आपल्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत केले आहे. त्या वेळी एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी अशी २० पानेच घेत आणि ती चौघांत प्रत्येकी पाच वाटत. इराणातील ‘आस-नास’ या २० पानांच्या खेळापासून पोकर निघाला, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. तथापि त्या खेळाची उपलब्ध वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची असल्याने हे मत आता फारसे ग्राह्य धरले जात नाही.

शतकाच्या मध्यास ५२ पानांचा पूर्ण संच रूढ झाला. नको असलेली पाने टाकून नवी घेण्याचा ‘ड्रॉ’ आणि काही पाने उघडी वाटण्याचा ‘स्टड’ हे प्रकारही प्रचारात आले. हातांची नावे या वाढीबरोबर स्थिर झाली. एकाच चिन्हाची पाच पाने म्हणजे ‘फ्लश’, ओळीने येणारी पाच पाने म्हणजे ‘स्ट्रेट’ आणि एका मूल्याची तीन व दुसऱ्या मूल्याची दोन पाने म्हणजे ‘फुल हाउस’. त्यांचा श्रेष्ठ-कनिष्ठ क्रम दुर्मिळतेवर आधारलेला आहे. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात संभवतात. त्यांपैकी फुल हाउस ३,७४४, फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२०० असतात. भारतात परिचित असलेल्या तीन पत्तींत याच्या उलट सीक्वेन्स हा कलरपेक्षा वरचढ मानतात. त्याचे कारणही गणितीच आहे : तीन पानांच्या २२,१०० हातांत साधे सीक्वेन्स ७२०, तर साधे कलर १,०९६ असतात.

पैजेच्या संज्ञा थोड्या, पण काटेकोर आहेत. वाटणीपूर्वी प्रत्येकाने ठेवावयाची रक्कम म्हणजे ‘अँटी’. हा शब्द ‘पूर्वी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. मध्यभागी जमलेली रक्कम ‘पॉट’ होय. रक्कम न लावता पाळी पुढे देणे म्हणजे ‘चेक’, आधीच्या रकमेइतकी भरणे म्हणजे ‘कॉल’, ती वाढविणे म्हणजे ‘रेझ’, डाव सोडणे म्हणजे ‘फोल्ड’ आणि जवळचे सर्व लावणे म्हणजे ‘ऑल-इन’. आपल्या पाळीत तोंडाने केलेली अशी घोषणा बंधनकारक असते. म्हणून येथे शब्द हीच कृती ठरते. ‘ब्लाइंड’ ही संज्ञा मात्र दोन्ही खेळांत भिन्न अर्थाने येते. तीन पत्तींत पाने न पाहता स्वेच्छेने खेळणे म्हणजे ब्लाइंड. पोकरमध्ये पाने मिळण्यापूर्वी ठरावीक खेळाडूंनी सक्तीने भरावयाची रक्कम, असा तिचा अर्थ आहे.

या खेळातील कित्येक शब्द सार्वजनिक भाषेत उतरले. वाटणी कोणाकडे आहे हे दर्शविणाऱ्या खुणेस ‘बक’ म्हणत व ती पुढे सरकविली जाई. त्यावरून जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याचा वाक्प्रचार निघाला. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या मेजावरील, ‘बक’ येथेच थांबतो अशा अर्थाची पाटी प्रसिद्ध आहे. सु. १८७० च्या सुमारास असा नियम रूढ झाला, की गुलामांची जोडी वा त्याहून सरस हात असल्याखेरीज पैज सुरू करू नये. तसा हात कोणालाच नसल्यास पॉट पुढील डावात वाढत जाई, हाच ‘जॅकपॉट’. सर्वाधिक मूल्याच्या निळ्या चकतीवरून भक्कम कंपन्यांच्या भागांना १९२० च्या दशकात ‘ब्लू चिप’ म्हणू लागले आणि मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवरही तो शब्द रुळला.

दंतकथांचा पसारा याच शब्दांभोवती वाढला. वाइल्ड बिल हिकॉक याचा २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड येथे पोकर खेळताना खून झाला. त्याच्या हाती काळे एक्के व काळ्या अठ्ठ्या होत्या, असे सांगून त्या हातास ‘मृताचा हात’ म्हणतात. तथापि ही पाने त्याच्या नावाशी जोडणारा मजकूर १९२० च्या दशकातील आहे. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकास दोन गुप्त पाने मिळतात. मध्यभागी तीन पानांचा ‘फ्लॉप’, चौथे ‘टर्न’ व पाचवे ‘रिव्हर’ ही समाईक पाने उघडली जातात. फसविणाऱ्यास आगबोटीवरून नदीत फेकत, यावरून ‘रिव्हर’ हे नाव पडले असे सांगतात. परंतु होल्डेम हा प्रकार आगबोटींच्या काळानंतरचा, विसाव्या शतकातील आहे. लास व्हेगास येथे १९७० मध्ये सुरू झालेल्या जागतिक मालिकेमुळे त्याची परिभाषा सर्वत्र पोहोचली. या मालिकेतील १९७६ व १९७७ च्या विजयांचे अखेरचे हात दश्शी-दुर्री या पानांनी जिंकल्यामुळे डॉइल ब्रन्सन याचे नाव त्या जोडीस मिळाले.

खेळाडूंच्या बोलीत विनोद व क्रौर्य एकत्र नांदतात. अननुभवी खेळाडू ‘फिश’ (मासा), तर त्याच्यावर जगणारा ‘शार्क’. मनाचा तोल जाऊन बेताल खेळणे म्हणजे ‘टिल्ट’. हा शब्द पिनबॉल यंत्रावरून आला. नकळत प्रकट होणारी खूण म्हणजे ‘टेल’. चकती ही पैशाचे रूप झाकते, तसे हे शब्द हानीचे गांभीर्य झाकतात. ज्याला मासा म्हटले जाते, त्याचे बुडालेले वेतन त्या शब्दात दिसत नाही.

‘ब्लफ’ म्हणजे दुबळ्या हातावर मोठी पैज लावून प्रतिस्पर्ध्यास डाव सोडावयास लावणे. जॉन फोन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात त्याचे गणिती विवेचन केले आणि तो केवळ धाडसाचा भाग नसून योग्य खेळाचे अंग आहे, असे दाखविले. ‘प्लुरिबस’ या संगणकीय कार्यक्रमाने २०१९ मध्ये सहा जणांच्या होल्डेममध्ये व्यावसायिक खेळाडूंवर मात केली.

भारतात कौशल्य व दैव या दोन शब्दांना कायदेशीर महत्त्व आले. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविताना तीन पानांच्या खेळापासून तिचे वेगळेपण सांगितले. त्यानंतर पोकर कोणत्या वर्गात मोडतो हा प्रश्न वादाचा राहिला. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद बाजूस सारला आणि कौशल्य असो वा दैव, असे सर्व खेळ निषिद्ध ठरविले.