होसे मारिया

होसे मारिया : स्पॅनिश भाषेतील पुरुषाचे जोडनाव. येशूची आई मरिया आणि तिचा पती योसेफ यांची नावे त्यात एकत्र आली आहेत. मराठी वाचकाला यातला दुसरा शब्द आडनाव किंवा आईचे नाव वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात दोन्ही शब्द मिळून बाप्तिस्म्याचे एकच नाव होते. आडनावे त्यापुढे येतात. स्पेनचे माजी पंतप्रधान (१९९६–२००४) होसे मारिया अझ्नार लोपेझ यांच्या नावात अझ्नार हे वडिलांकडचे, तर लोपेझ हे आईकडचे आडनाव आहे.

नाव पुरुषाचे की स्त्रीचे, हे पहिला शब्द ठरवतो. होसे मारिया हा मुलगा, मारिया होसे ही मुलगी.

होसेचे मूळ हिब्रू ‘योसेफ’. त्याचा अर्थ ‘तो (ईश्वर) भर घालो’. बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथात राहेल पहिल्या मुलाचे नाव योसेफ ठेवते, ते आणखी एक मुलगा व्हावा या इच्छेने. मारिया हे हिब्रू ‘मिर्याम’चे रूप. त्याच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ‘प्रिय’, ‘कडू’ असे अनेक अर्थ सुचवले गेले. संत जेरोमच्या नावावर असलेल्या एका व्युत्पत्तीत लॅटिन ‘स्तिल्ला मारिस’ म्हणजे ‘समुद्राचा थेंब’ असा अर्थ होता. हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांच्या हातून ‘स्तिल्ला’ची ‘स्तेल्ला’ झाली, थेंबाचा तारा झाला आणि मरियेला ‘सागरतारा’ हे बिरुद चिकटले.

मध्ययुगात संत योसेफाची भक्ती फारशी पसरलेली नव्हती. सोळाव्या शतकात तिने जोर धरला. १५५५ मध्ये मेक्सिकोतील धर्मपरिषदेने योसेफाला ‘नव्या स्पेन’चा, म्हणजे तिथल्या स्पॅनिश वसाहतीचा, पालक संत मानले, १५६२ मध्ये आव्हिलाच्या संत तेरेसाने आपला पहिला सुधारित मठ त्याच्याच नावाने स्थापन केला. पुढे होसे हे नाव अटलांटिकच्या दोन्ही काठांवर घरोघरी पोहोचले. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातील धर्मगुरू-सेनानी होसे मारिया मोरेलोस (१७६५–१८१५) याच्या स्मरणार्थ त्याच्या जन्मगावाचे नाव १८२८ मध्ये मोरेलिया झाले. पेरूचे कादंबरीकार होसे मारिया आर्गेदास (१९११–६९) आणि १९९४ व १९९९ची मास्टर्स स्पर्धा जिंकणारे गोल्फपटू होसे मारिया ओलाथाबाल हेही याच नावाचे.

हाक मारताना एवढे लांब नाव क्वचितच टिकते. ‘चेमा’ हे त्याचे सर्वांत रुळलेले लाडके रूप. बास्क वळणाने ‘होशे मारी’, तर कातालानमध्ये ‘जुझेप मारिया’. उरुग्वेचा फुटबॉलपटू होसे मारिया हिमेनेस ‘होसेमा’ म्हणून ओळखला जातो. मारिया होसेची ‘माहो’ होते. नुसत्या होसेला ‘पेपे’ म्हणतात. ‘मानलेला पिता’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांच्या प-प या आद्याक्षरांवरून ते आले, ही कथा लोकप्रिय आहे. भाषातज्ज्ञ मात्र त्याचा संबंध ‘होसेपे’ या जुन्या रूपाशी लावतात.

लिहिताना मारियाचा संक्षेप ‘एम’नंतर टिंब आणि वर चढवलेला छोटा ‘ए’ असा करतात. दारावरच्या पाट्यांपासून सरकारी अर्जांपर्यंत तो दिसतो. दोन्ही शब्द जोडून लिहिल्यास ‘होसे’वरचे आघातचिन्ह गळते. ओपुस देई या कॅथलिक संघटनेचे संस्थापक होसेमारिया एस्क्रिवा (१९०२–७५) यांनी दोन वेगळ्या नावांचा असा एक शब्द केला होता. स्पेनच्या २०११च्या नागरी नोंदणी कायद्यानुसार एका व्यक्तीला दोन साधी नावे किंवा एक जोडनाव घेता येते.

पोर्तुगीजमध्ये लेखन जवळजवळ तेच, पण उच्चार ‘झुझे मारीया’. कादंबरीकार एसा द कैरॉश (१८४५–१९००) यांचे हेच नाव. गोव्यात होसेऐवजी ‘जुझे’ रुळले ते या पोर्तुगीज उच्चारामुळे. बाणावलीत जन्मलेले आणि २०१५ मध्ये संतपद मिळालेले जोसेफ वाझ (१६५१–१७११) कोकणीत ‘जुझे वाझ’ म्हणून ओळखले जातात.